दुवा विकत मिळत नाही

(मंडळाच्या वर्धापनदिनी गृहोद्योग शाखेच्या वतीने केलेले भाषण)



वर्धापनदिनी या जागेवरून बोलायचे ते कोणा शिकल्यासवरल्या पाहुण्या बाईंनी, अशी आपल्याकडची रीत. यंदा मात्र अध्यक्षाबाईंनी मला सांगितले, "गृहोद्योग शाखेच्या वेबसाइटचे जे झाले, ते तुम्हीच सर्वांना सांगा." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वेबसाइट, गूगल असल्या विषयावर मी बोलावे हे ऐकून काहीजणींना हसू येईल. परंतु तवा तापला आहे की नाही, हे ज्या बाईचा हात पोळला तिनेच सांगितलेले बरे. म्हणून मी उभी राहिले आहे.

आपला माल चार लोकांच्या नजरेस पडावा असे वाटणे यात काही पाप नाही. बोलणाऱ्याची बोरेसुद्धा विकली जातात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. प्रश्न एवढाच, की बोलायचे कसे, आणि किती खरे. त्याचे सरळ मार्ग कोणते, वाकडे मार्ग कोणते, आणि वाकड्या मार्गाने गेल्यावर पदरात काय पडते, हे आज सांगणार आहे.

आठवड्याच्या बाजारात बसायला जागा कुठे मिळाली यावर पुष्कळ अवलंबून असते. तोंडाशी बसलेल्या बाईची मेथी दहा वाजता संपते. कोपऱ्यात बसलेल्या बाईची तितकीच ताजी मेथी दुपारपर्यंत सुकून जाते. इंटरनेट हा असाच एक बाजार आहे. फरक इतकाच, की तिथे दुकाने कोट्यवधी आहेत आणि गिऱ्हाईक पायी हिंडत नाही. ते गूगलला विचारते, "थालीपिठाची भाजणी कुठे मिळेल?" गूगल थोडी नावे पहिल्या पानावर दाखवते. पान उलटून पुढे पाहणारे थोडेच. म्हणजे पहिल्या पानावरची जागा ही बाजाराच्या तोंडाची जागा. तिथे बसण्यासाठी सगळी धडपड.

आता गूगल ही जागा ठरवते कशी? माझी मुलगी कॉलेजात शिकते, तिने मला ते समजावले. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ साली ही कंपनी काढली. त्यांची मूळ कल्पना आपल्या रोजच्या व्यवहारातलीच आहे. नव्या गावात राहायला गेलो, तर चांगला मसाला कोणाकडे मिळतो हे आपण कोणाला विचारतो? शेजारणींना विचारतो. चौघी एकच नाव सांगतात, तेव्हा ते मनात ठसते. त्या चौघींत लग्नकार्याचा स्वयंपाक करणारी एखादी बाई असली, तर तिच्या शब्दाला वजन जास्त. इंटरनेटवर एका पानावरून दुसऱ्या पानाकडे जाण्याची जी खूण असते, तिला लिंक म्हणतात, मराठीत दुवा. एका पानाने दुसऱ्याकडे दुवा दिला, की ते एक मत पडले असे धरायचे, आणि ज्याला स्वतःलाच पुष्कळ चांगली मते आहेत त्याचे मत वजनदार धरायचे. आज गूगल याखेरीज इतर कित्येक गोष्टी पाहते. पानावर काय लिहिले आहे, ते विचारणाऱ्याच्या उपयोगाचे आहे का, मोबाइलवर नीट दिसते का, असे सगळे. परंतु शेजारणींच्या शिफारशीचे ते मूळ सूत्र अजून सुटलेले नाही.

दुवा हा शब्द ऐकून मला मौज वाटली. दुवा म्हणजे दोन गोष्टी जोडणारा सांधा. आणि दुवा म्हणजे आशीर्वादही. कोणी संतुष्ट होऊन दुवा देते. तो मागून मिळत नाही, विकत तर मिळतच नाही. एवढी साधी गोष्ट आम्ही विसरलो, आणि तिथेच आमचे चुकले.

आपल्या शाखेची वेबसाइट मुलींनी मोठ्या हौसेने केली. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, पापड, कुरडया या सर्वांची छायाचित्रे घातली. दोन महिने झाले, तरी परगावची एकही ऑर्डर आली नाही. गूगलवर "भाजणी" लिहून पाहावे, तर पाने उलटून बोट दुखले तरी आपले नाव दिसेना. अशात एका गृहस्थांचा फोन आला. "आठ दिवसांत तुम्हाला पहिल्या पानावर आणतो. हमी देतो. पंधरा हजार रुपये." दिवाळीच्या फराळातून शाखेचे २१,००० रुपये शिल्लक होते. चकल्यांचे किती घाणे काढून ते जमले होते, हे आपण सर्वजणी जाणता. त्यांतले १५,००० आम्ही देऊन बसलो. "हमी देतो" या शब्दाला भुललो. पुढे कळले, की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, असे गूगलने स्वतःच लिहून ठेवले आहे. आणि पैसे घेऊन ते शोधातली जागाही वर-खाली करीत नाहीत. जाहिरात घेतात, पण तिच्यावर ती जाहिरात असल्याचे लिहितात. हे फुकट वाचायला मिळत होते. ते आम्ही पैसे दिल्यानंतर वाचले.

या कामात सरळ मार्गाला इंग्रजीत पांढरी टोपी आणि वाकड्याला काळी टोपी म्हणतात. अमेरिकेतल्या जुन्या घोडेस्वारांच्या चित्रपटांत नायकाची टोपी पांढरी आणि खलनायकाची काळी असे, त्यावरून हे नाव पडले. आपल्याकडे टोपीच्या रंगावरून माणूस ओळखण्याची सोय नाही, आणि टोपी घालणे याचा अर्थ तर फसवणे असाच आहे! त्या गृहस्थांनी आम्हाला टोपी घातली हे खरे. परंतु आम्हीही ती डोके पुढे करून घालून घेतली, हेही तितकेच खरे. त्यांनी तीन कामे केली. ती तिन्ही सांगते, म्हणजे तुमच्यापैकी कोणी असा फोन उचलला तर ओळखता येईल.

पहिले काम शब्द पेरण्याचे. आपल्या पानाच्या तळाशी पांढऱ्या जागेवर पांढऱ्या अक्षरांत "भाजणी, उत्तम भाजणी, स्वस्त भाजणी" असे शंभरदा लिहिले. माणसाला दिसत नाही, यंत्राला मात्र वाचता येते. शिवाय "पुण्यात भाजणी", "नाशिकमध्ये भाजणी", "नागपुरात भाजणी" अशी चाळीस पाने केली. सगळ्यांवर मजकूर एकच, नुसते गावाचे नाव निराळे. जणू त्या सर्व गावांत आपली दुकानेच आहेत! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, त्यातला हा प्रकार.

ही युक्ती आमच्यासारख्या अडाण्यांनीच केली असे नाही. जर्मनीतील बीएमडब्ल्यू ही नामांकित मोटारींची कंपनी. तिच्या जर्मन वेबसाइटवर "जुनी मोटार" या अर्थाचा शब्द पुनःपुन्हा भरलेली पाने होती. ती यंत्राने वाचायची. माणूस आला, की त्याला तिथून निराळ्याच पानावर नेऊन सोडायचे. फेब्रुवारी २००६ मध्ये गूगलने ती अख्खी वेबसाइट आपल्या यादीतून काढून टाकली. कंपनीने पाने काढली, तेव्हा काही दिवसांनी परत घेतली. एवढ्या मोठ्या कंपनीच्या मोटारी काय वाईट होत्या? माल चांगला असूनही खोटे करण्याचा मोह होतो, हे त्यातले शिकण्यासारखे.

दुसरे काम दुवे विकत घेण्याचे. कुठल्या कुठल्या परक्या वेबसाइटवर आपल्या भाजणीचे दुवे चिकटवले. एक वेबसाइट घरांच्या कर्जाची, एक मोटारीच्या टायरची. टायरवाल्याने थालीपिठाची शिफारस करावी, हे ऐकून तुम्हीसुद्धा हसाल. अमेरिकेत जेसी पेनी नावाची जुनी, मोठी दुकानांची कंपनी आहे. २०१० च्या नाताळाच्या हंगामात कपडे, चादरी, सतरंज्या, काहीही शोधा, गूगलवर तिचे नाव पहिले. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने शोध घेऊन छापले, की तिच्याकडे नेणारे हजारो दुवे भलत्याच वेबसाइटवर पैसे देऊन पेरलेले दिसतात. गूगलने कारवाई केली, आणि प्रवासी बॅगांच्या एका शोधात हे नाव पहिल्या क्रमांकावरून दोन तासांत ७१ व्या क्रमांकावर गेले. कंपनी म्हणाली, "आम्हाला माहीत नव्हते," आणि हे काम पाहणाऱ्या सल्लागारांना काढून टाकले. "आम्हाला माहीत नव्हते" हेच वाक्य आम्हीही म्हणालो होतो. पण आपल्या नावाने चाललेल्या कामाची चौकशी न करणे हाही एक दोषच आहे.

गूगल दुसऱ्याला शिक्षा करते, स्वतःचे काय, असे कोणी विचारील. गूगलचाच क्रोम नावाचा ब्राउझर आहे. त्याच्या जाहिरातीचे काम घेतलेल्या लोकांनी पैसे देऊन लेख लिहवून घेतले, आणि त्यांत एक दुवा असा निघाला, की त्यावर "हा पैशाचा आहे, मत म्हणून मोजू नका" ही यंत्राला कळणारी खूण नव्हती. जानेवारी २०१२ मध्ये गूगलने क्रोमचे स्वतःचे पान निदान ६० दिवसांसाठी खाली ढकलले. सोनारानेच स्वतःचे कान टोचून घेतले म्हणायचे! यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पैसे देऊन जाहिरात करणे हे अप्रामाणिक नाही. जाहिरात ही जाहिरात म्हणून करावी, तिला शेजारणीच्या शिफारशीचे लुगडे नेसवू नये, एवढेच.

तिसरे काम अभिप्रायांचे; आणि ते त्या गृहस्थांनी केले नाही, आपल्याच हातांनी झाले. ते म्हणाले, "तुमच्या नावापुढे पाच तारे असलेले पन्नास अभिप्राय हवेत. घरातल्या सर्वांच्या मोबाइलवरून लिहा." आम्ही लिहिले. भाच्यांच्या, पुतण्यांच्या, जावयांच्या नावाने लिहिले. त्यांतला एक मी लिहिला. तो आज येथे सांगणे मला जड जाते, परंतु त्याकरिताच मी उभी राहिले आहे. मी लिहिले होते: "माझ्या सासूबाईंची साखर या भाजणीने महिन्याभरात उतरली." भगिनींनो, माझ्या सासूबाईंना साखरेचा विकार कधी नव्हताच. त्या वारल्या त्यालाही नऊ वर्षे झाली. लिहिताना मला वाटले, त्यात काय मोठेसे? धान्याचीच तर भाजणी आहे, कोणाचे वाईट होणार?

तीन आठवड्यांत आपले नाव पहिल्या पानावर आले. ऑर्डरी येऊ लागल्या. आम्ही पेढे वाटले, तुम्हालाही आठवत असेल. ऑर्डरीचा फोन माझ्याकडे असतो. एके दिवशी दुपारी परगावहून एका बाईंचा फोन आला. मोठ्या अजीजीने बोलत होत्या. म्हणाल्या, "ताई, दोन किलो पाठवा. आमच्या सासूबाईंची साखर फार वाढली आहे. तुमच्याकडच्या एका बाईंनी लिहिले आहे, महिन्याभरात उतरली म्हणून. मग ही भाजणी सुरू केल्यावर त्यांच्या गोळ्या बंद केल्या तर चालतील ना? गोळ्यांचा खर्च झेपत नाही हो."

माझ्या हातापायांतले बळ गेले. समोर परातीत भाजणी चाळून ठेवलेली होती, तिच्याकडे मी पाहत राहिले. त्या बाई दोनदा "ताई, ताई" म्हणाल्या. शेवटी मी म्हणाले, "बाई, गोळ्या बंद करू नका. डॉक्टरांना विचारल्यावाचून एकही गोळी कमी करू नका. ते जे लिहिले आहे ते खोटे आहे. ते मीच लिहिले आहे." पलीकडून काही वेळ आवाज आला नाही. मग फोन ठेवल्याचे कळले. त्यांची ऑर्डर पुन्हा आली नाही. ती येऊ नये हेच योग्य. पण त्यांनी फोन केला म्हणून निभावले. ज्यांनी न विचारताच भाजणी मागवली त्यांच्या घरी काय झाले असेल, हा विचार अजून रात्री मनात येतो.

पांढऱ्या अक्षरांनी यंत्र फसते, विकतच्या दुव्यांनी दुसऱ्या दुकानदाराची जागा बळकावली जाते. पण खोट्या अभिप्रायाने थेट एखाद्या घरातले माणूस फसते. आपल्यासारखीच कोणी बाई, संसाराला मेटाकुटीस आलेली, विश्वासाने वाचते आणि आपण तिचा विश्वास पैशात मोडतो.

कायद्याच्या दृष्टीनेही हे साधे नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक काढले. पैसे देऊन घेतलेले, किंवा विकणाऱ्याने माणसे लावून लिहवलेले अभिप्राय छापू नयेत, असे त्यात आहे. ते मानक स्वेच्छेने पाळायचे म्हणून आले. परंतु २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला शिक्षा सांगतो. आणि २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात खाद्यपदार्थाच्या अशा जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. अमेरिकेत तर खोट्या अभिप्रायांना मनाई करणारा स्वतंत्र नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. आमच्या २१,००० च्या शिलकीत दहा लाखांचा दंड कुठून भरला असता?

त्या फोननंतर चौथ्या दिवशी शाखेची बैठक घेतली. मी लिहिलेले वाचून दाखवले आणि झालेले सांगितले. कोणी रागावले नाही. कोणाला तोंडच नव्हते. त्याच संध्याकाळी सर्वजणींनी आपापल्या घरच्या मोबाइलवरून ते अभिप्राय काढून टाकले. पन्नासाचे सहा राहिले. ते सहा खरे होते. पांढरी अक्षरे आणि चाळीस पाने काढायचे मात्र परीक्षा संपल्यावर पाहू, म्हणून मुलींनी पुढे ढकलले. ती दिरंगाई नडली. पुढच्याच महिन्यात गूगलची सूचना आली, की तुमच्या वेबसाइटवर नियमबाह्य गोष्टी आढळल्या आहेत. आणि आपले नाव पहिल्या पानावरून जे गेले ते शोधूनही सापडेना. त्या गृहस्थांचा फोन लागत नव्हता, हे सांगायला नकोच.

मुलींनी मग पांढरी अक्षरे पुसली, ती चाळीस पाने काढली. दुवे काढण्यासाठी त्या परक्या वेबसाइटवाल्यांना पत्रे लिहिली. जे ऐकेनात त्यांचे दुवे आमच्या हिशेबात धरू नका, असे गूगलला कळवण्याची सोय आहे, ती वापरली. त्यानंतर पुनर्विचाराचा अर्ज करावा लागतो. त्यात काय काय चुकीचे केले आणि ते कसे सुधारले, हे खरे खरे लिहायचे असते. तो अर्ज मी सांगत गेले आणि मुलीने लिहिला. काही आठवड्यांनी शिक्षा उठली. नाव लगेच वर आले नाही. पण आम्ही पुन्हा बाजारात बसलो, कोपऱ्यात का होईना.

आता सरळ मार्ग कोणते, ते सांगते. त्यांना पैसा थोडा लागतो, वेळ आणि मेहनत जास्त. गूगल स्वतःच सांगते, की या कामाचा गुण यायला बहुधा चार महिने ते एक वर्ष लागते. लोणचे मुरायला ठेवून दुसऱ्या दिवशी बरणी उघडणाऱ्यांचे हे काम नव्हे.

पहिली गोष्ट, गिऱ्हाईक जे शब्द बोलते ते शब्द लिहावेत. आम्ही पानाला मथळा दिला होता "आमची रुचकर उत्पादने". असे कोण शोधते? आता लिहिले आहे "थालीपिठाची भाजणी", खाली वजन, किंमत आणि आपल्या गावाचे नाव. कोणी "उपासाची" म्हणते, कोणी "उपवासाची", पुष्कळजण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून शोधतात. हे सर्व वाक्यात सहज येईल तेवढे घालावे. मिठासारखे, मूठभर ओतले की खारट.

दुसरी गोष्ट, अक्षरे ही अक्षरे म्हणून लिहावीत. आपली दरपत्रके आपण सुंदर रंगवून त्यांचे छायाचित्र टाकत होतो. चित्रातली अक्षरे यंत्राला नीट वाचता येतीलच असा भरवसा नाही. मराठी मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला असला, म्हणजे तो शोधात सापडतो. छायाचित्र घातले तर ते कशाचे आहे, हे त्याला जोडून शब्दांत लिहिण्याची सोय असते, तीही वापरावी. आणि छायाचित्रे हलकी ठेवावीत, म्हणजे खेड्यातल्या मोबाइलवरही पान चटकन उघडते.

तिसरी गोष्ट, जे आपल्यालाच ठाऊक आहे ते लिहावे. पावसाळ्यात पापडाला दमटपणा येऊ नये म्हणून काय करावे, भाजणी किती दिवस टिकते, धान्य कोणत्या क्रमाने भाजावे, जाड दळावी की बारीक. आपल्या वडील भगिनींनी हे तोंडी सांगितले, मुलींनी टंकले. दुसऱ्याची पाककृती उचलून घातली नाही. यंत्राकडून शेकड्यांनी लेख लिहवून नुसता शोधात वर येण्यासाठी ढीग लावणाऱ्यांविरुद्ध गूगलने मार्च २०२४ मध्ये नियम कडक केले आहेत. आपल्या काकूंच्या हाताला जे कळते, ते त्या ढिगात कुठून येणार? पापडाचे ते पान वाचून एका शाळेच्या बाईंनी आपल्या वेबसाइटवर आपण होऊन आपला दुवा दिला. तो पहिला खरा दुवा. त्या दिवशी पेढे वाटले नाहीत, पण आनंद त्या वेळेपेक्षा अधिक झाला.

चौथी गोष्ट, गूगलच्या नकाशावर आपल्या जागेची नोंद करावी. ती फुकट आहे. पत्ता, वेळ, फोन खरा लिहावा, आणि सुट्टी असेल तेव्हा सुट्टी लिहावी. खाद्यपदार्थांच्या नोंदणीचा १४ आकडी क्रमांक वेबसाइटवर दिसेल असा ठेवावा.

पाचवी गोष्ट अभिप्रायांची. प्रत्येक पुड्यासोबत आता आम्ही चिठ्ठी घालतो, "कसे वाटले ते लिहा, चुकले असेल तर तेही लिहा." त्याबद्दल सवलत देत नाही, भेट देत नाही. मध्यंतरी एका बाईंनी लिहिले, की कुरडया प्रवासात तुटून चुरा झाला. मुली म्हणाल्या, हे दिसायला वाईट. आम्ही त्याखाली लिहिले, की आमचे बांधणे चुकले, आता पुठ्ठ्याच्या खोक्यात पाठवतो; आणि त्यांना दुसऱ्या कुरडया पाठवल्या. ती तक्रार अजून तिथेच आहे. ती वाचून ऑर्डर देणारेही आहेत. तक्रार आली म्हणजे नाव बुडाले असे नव्हे, आणि नाव गाजले म्हणजे चांगले झाले असेही नव्हे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात चष्मे विकणारा एक दुकानदार २०१० साली फुशारकी मारत असे, की गिऱ्हाइके जितके शिव्याशाप लिहितात तितके माझे नाव गूगलवर वर चढते. गूगलने आपली पद्धत सुधारली. आणि गिऱ्हाइकांना धमकावल्याबद्दल व फसवल्याबद्दल त्याला २०१२ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. नुसते नाव दिसणे हे काही नाव कमावणे नव्हे.

सरळ काय आणि वाकडे काय, हे ओळखण्यासाठी आम्ही शाखेत एक प्रश्न ठरवला आहे. जे काही करू, ते गिऱ्हाइकाला फोनवर स्वतःच्या तोंडाने सांगता येईल का? "बाई, आम्ही पापड टिकवण्याची रीत लिहिली आहे," हे सांगता येते. "बाई, ही आमची जाहिरात आहे, तिचे पैसे आम्ही दिले आहेत," हेही सांगता येते. "बाई, तळाशी न दिसणारी अक्षरे आहेत, ती शिफारस माझ्या पुतण्याने लिहिली आहे," हे सांगता येत नाही. मला एकदा सांगावे लागले आहे. ती वेळ तुमच्यावर येऊ नये.

आज नुसते "भाजणी" लिहिले, तर आपले नाव पहिल्या पानावर येत नाही. ते लपवण्यासारखे नाही. पण गावाचे नाव जोडून शोधले तर सर्वांत वर आपणच असतो, आणि पावसाळ्यात पापड कसे टिकवावेत असे कोणी विचारले, तर आपले पान पुष्कळदा पहिल्या पानावर दिसते. या दिवाळीला परगावच्या ज्या ऑर्डरी आल्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक पूर्वीच्या गिऱ्हाइकांच्या होत्या. गेलेल्या पंधरा हजारांपैकी अकरा हजार शिलकीत परत जमले आहेत. उरलेले चार हजार संक्रांतीच्या तिळाच्या लाडवांतून निघावेत असा अंदाज आहे; त्याकरिता तीळ निवडायला परवा दुपारी दोन वाजता सर्वजणींनी यावे.